चपलांपाशी बसलेली सुनंदा

छत्तीस वर्षं मी नाशिकला प्राथमिक शाळेत शिकवलं. म्हणजे खरं सांगायचं तर छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल आणि घड्याळ दिलं, पण लाल पेन मी स्वतःच घरी घेऊन आले. ते हातातून सुटलं तरी डोक्यातून सुटत नाही.

याच सुमारास सासूबाई विसरायला लागल्या. चष्मा, मग गॅस, मग नातवाचं नाव. मला वाटलं, सराव कमी पडतोय. रोज सकाळी चहा झाला की मी त्यांना समोर बसवायची. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कोणत्या गावात राहतो? उत्तर चुकलं की, "नीट आठवा बरं." त्या मांडीवर हात ठेवून गृहपाठ न केलेल्या मुलीसारख्या बसून राहायच्या. एक दिवस मी चौथ्यांदा वार विचारला, तेव्हा त्या माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "बाई, आता मला घरी जाऊ द्या ना." मी त्यांना ठणकावून सांगितलं की हेच तुमचं घर आहे आणि मी तुमची सून आहे. तीही चूक दुरुस्तच केली.

त्या गेल्यावर वर्षभराने मला या आजाराबद्दल कुणीतरी धड चार शब्द सांगितले. ऐकताना माझी मान खाली गेली होती, ती अजून पुरती वर आलेली नाही. पुढे आम्ही सात-आठ जणांनी मिळून स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरच्यांसाठी एक मंडळ काढलं. पंचवटीत दोन खोल्या घेऊन दिवसभराचं केंद्र सुरू केलं. बारा वर्षं झाली, मी तिथेच आहे. माझी दुसरी नोकरी म्हणा हवं तर, फक्त बिनपगारी आणि बदलीची भीती नसलेली.

आमच्या कामाचे दोन भाग आहेत, मागणं आणि सांगणं. मागायचे पैसे आणि सांगायचं ते माणसाला कसं सांभाळावं. लोकांना वाटतं मागणं अवघड. तसं काही नाही. मागताना फक्त लाज सोडावी लागते, सांगताना शहाणपण सोडावं लागतं.

मागण्याच्या बाबतीत माणसांचे नमुने फार बघितले. देणगीदाराचं नाव फलकावर केवढ्या अक्षरात लिहायचं यावरून रुसलेली माणसं मी समजावली आहेत. पण नाशिकमधल्याच द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात वेगळंच झालं. मालकांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मोकळ्या हाताने दिलं आणि पावती लिहायला घेतली तर म्हणाले, नाव टाकू नका. मी म्हटलं, अहो, एवढं दिलंत, फलकावर पहिलं नाव तुमचं. ते उठून केबिनचं दार लावून आले. त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं सुरू होतं. फलकावर नाव दिसलं तर लोक म्हणणार, यांच्या घरात वेड आहे. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं की वडील आरशातल्या माणसाला चहा विचारतात, त्याला काय करायचं. मी सांगितलं, आरशावर टॉवेल टाका, नाहीतर दोन कप ठेवा. ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. आमच्या वहीत ते आजही "एक हितचिंतक" म्हणून आहेत.

सांगण्यातही काही गोष्टी अशा जमून गेल्या की अजून मिरवाव्याशा वाटतात. देवळाली कॅम्पला एक निवृत्त सुभेदार होते. रोज पहाटे बूट घालून ड्युटीवर निघायचे. बायकोने कुलूप लावलं तर दार तोडायला उठायचे. मी त्या वहिनींना विचारलं, पलटणीत असताना त्यांना बाहेर जायचं झालं तर काय लागायचं? त्या म्हणाल्या, आउटपास. मग काय, दुकानातून एक पावतीपुस्तक आणलं, शिक्का बनवला. सुभेदार निघाले की वहिनी शांतपणे म्हणायच्या, आज पास मिळालेला नाही, साहेबांची सही व्हायची आहे. ते बूट काढून बसायचे. संध्याकाळी वहिनी स्वतः पास फाडायच्या आणि दोघं बाजारातून फिरून यायची. कुलूप परत लागलं नाही. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते आणि सांगताना आपण फार हुशार आहोत असं मला वाटतं. पुढचं कळण्यासाठी हे लक्षात ठेवायला हवं.

आमची सगळ्यात मोठी अडचण अशी की वर्गाला कुणी यायचं नाही. स्मृतिभ्रंशाचा वर्ग म्हटलं की चार रिकाम्या खुर्च्या आणि एक पत्रकार. घरात असं माणूस आहे हे चारचौघांत कोण कबूल करणार? मग एका संक्रांतीला मला कल्पना सुचली. आपण हळदीकुंकू करायचं. हळदीकुंकवाला जाते म्हटलं की कोणत्याही बाईला कोणी का म्हणून विचारत नाही. तिळगूळ द्यायचा आणि तासभर आजाराबद्दल बोलायचं. आलेल्या बायकांना सांगायचं की यंदा तुमच्या घरी प्लास्टिकचे डबे नि चाळण्या वाण म्हणून लुटू नका, ते पैसे केंद्राला द्या. मागणं आणि सांगणं एकाच ताटात.

कल्पना अशी चालली की विचारू नका. नाशिकरोड, सिडको, सातपूर, सगळीकडून बोलावणी यायला लागली. केंद्रातल्या दोन मदतनीस बायकांचे पगार वाणाच्या पैशातून निघायला लागले. मंडळाच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. मीही भाषणात हे सगळं पुन्हा एकदा सांगून घेतलं.

विंचूरचं बोलावणं आलं ते गेल्याच्या आधीच्या संक्रांतीला. तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष शैलाताई, कामाला वाघीण. समाजमंदिराचा हॉल त्यांनी सजवून ठेवला होता, साठेक बायका आल्या होत्या. बाहेर रस्त्याने लाल कांद्याचे ट्रॅक्टर लिलावाला चालले होते. पुढच्या रांगेत एका मोठ्या बागायतदारांच्या घरातल्या काकू बसल्या होत्या, ज्यांच्याकडून वर्षभराच्या मदतीचं बोलणं झालं होतं. मी रंगात आले होते.

बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई उठल्या. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या दाराकडे निघाल्या. शैलाताईंनी माझ्या कानात सांगितलं, या गयाबाई, यांना तोच आजार आहे, यांचे मालक जिवंत आहेत म्हणून बोलावलंय. मला तर आयतंच उदाहरण मिळालं. मी पुढे झाले, त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "माझी सून बाहेर हाय." मी गोड आवाजात म्हटलं, हो का? अगोदर आपण तिळगूळ खाऊ या हं. आणि त्यांना जागेवर आणून बसवलं. मग बायकांकडे वळून सांगितलं, बघा, मी नाही म्हटलं नाही, वाद घातला नाही, लक्ष दुसरीकडे वळवलं. असं करायचं.

पाच मिनिटांनी त्या परत उठल्या. "सून बाहेर बसलीय माझी. तिला नाय दिलं." पुन्हा मी तिळगूळ पुढे केला. तिसऱ्यांदा तर मी त्यांना लुगड्याचा रंग कुणी निवडला म्हणून विचारलं आणि त्या खरंच पदर बघत बसल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान तुकवली.

कार्यक्रम संपला. मी चप्पल घालायला बाहेर आले तर ओट्यावर, चपलांच्या ढिगापाशी, खिडकीखाली एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल. अंगावर साधी साडी, कपाळ मोकळं. माझ्या चपला तिनेच शोधून पुढे केल्या. मी विचारलं, आत का नाही आलात? ती म्हणाली, आत्याबाईंना घेऊन आलेय, त्यांचं झालं की निघायचंय.

तिकडे सासूला आत्याबाई म्हणतात. गयाबाईंची सून, सुनंदा, खरंच बाहेर बसलेली होती.

मला ते समजायला वेळ लागला आणि समजलं तेव्हा पायातली चप्पल जड झाली. साठ बायकांच्या त्या वर्गात ज्या बाईला आजार होता ती आत बसली होती आणि तिला न्हाऊमाखू घालणारी, घास भरवणारी, दिवसरात्र तिच्यामागे फिरणारी बाई बाहेर चपला सांभाळत होती. कारण तिचा नवरा वारला होता. हे मला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. मीच आमंत्रणावर हळदीकुंकू लिहिलं होतं. आमच्या भागातल्या कोणत्याही बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही आणि मीसुद्धा इथलीच आहे. मला फक्त टाळ्या ऐकू येत होत्या. साऱ्या हॉलमध्ये एकट्या गयाबाई खरं बोलत होत्या आणि मी त्यांचं लक्ष वळवत होते.

त्या दिवशी मी बस सोडली आणि त्यांच्या घरी गेले. सुनंदाचे सासरे पिकअप घेऊन न्यायला आले होते, तेही बाहेर थांबलेले. म्हणजे गयाबाईंना सांभाळणारी दोन्ही माणसं माझ्या वर्गाच्या बाहेर होती. त्यांना सुनंदा मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणते.

घरी चहा झाला. सुनंदाने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. मी सांगितलेलं बरंचसं ती आधीपासून करत होती, माझ्यापेक्षा बरं करत होती. तिचा नवरा संदीप तीन वर्षांपूर्वी शेतातच छातीत कळ येऊन गेला. गयाबाईंच्या ते लक्षात राहत नाही. दुपार कलली की त्या विचारतात, संदीप नाही आला? पहिल्या वर्षी घरात खरं सांगायचे आणि मग रोज त्या घरात नव्याने मरण व्हायचं. मग सुनंदाने स्वतःच शोधून काढलं. ती सांगते, लिलावाला गेलेत, ट्रॅक्टरची लाईन मोठी हाय, नंबर लागला नाय अजून. विंचुरात जन्म गेलेल्या बाईला हे पटतं. लिलावाला गेलेलं माणूस उशिरा येतं, त्यात घाबरण्यासारखं काय? पूर्वी अमावास्येला मार्केट बंद असायचं, ते मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं. म्हणून त्या दिवशी संदीपला खतं आणायला पाठवायचं.

मी म्हटलं, मग अडतं कुठे? सुनंदाने कपबशा उचलून बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "माझ्या कपाळापाशी अडतं, बाई. तोंडाने मी सांगते लिलावाला गेलेत. त्या हो म्हणतात. मग माझ्याकडं बघतात आणि कपाळ दिसलं की वरडायला लागतात. त्यांना समजतं. मी काय करू ते तुम्ही आज सांगितलं नाय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. असतंच. मी म्हटलं, अहो सोपं आहे, घरात कुंकू लावत जा आणि बाहेर पडताना पुसत जा, कुणाला काही कळणार नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, पण तो असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "पुसायचं एकदा झालंय, बाई. रोज पुसायला मी नाय बसणार."

मी खाली बघितलं. छत्तीस आणि दहा वर्षं शिकवून मला हे माहीत नव्हतं.

मामा दारात बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडे वळले, म्हटलं, मामा, तुम्ही काय सांगता गयाबाईंना? ते म्हणाले, मी खरंच सांगतो. मग ती रडते आणि मी मळ्यात निघून जातो. मी त्यांना समजावू लागले की सुनंदा सांगते तसं सांगा, ते खोटं नाही, औषधासारखं आहे. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मेलेल्या पोराला मी बाजाराला कसा पाठवू, बाई? खांद्यावर नेलाय त्याला." एवढं बोलून ते गुरांकडे गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. निदान तेवढं शहाणपण त्या दिवशी उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शैलाताईंना फोन केला. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी विंचुरातच दुसरा कार्यक्रम ठरला होता. मी सांगितलं, सुनंदा आत बसेल आणि तिच्यासारख्या ज्या ज्या बायका घरात कुणाला सांभाळत असतील त्याही आत बसतील. शैलाताई म्हणाल्या, बसू द्या की, माझं काय जातंय? पण कुंकवाचं ताट फिरेल तेव्हा काय करायचं ते तुम्ही ठरवा. आणि मोठ्या काकू येणार आहेत, हेही लक्षात ठेवा. मी म्हटलं, ताट फिरवायचंच नाही. त्यावर त्या म्हणाल्या की मग बायका घरून निघणारच नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. आम्ही काहीच न ठरवता फोन ठेवला.

त्या दुपारी सुनंदा गयाबाईंच्या शेजारी, भिंतीला टेकून बसली. आणखी तिघी होत्या तशा, मोकळ्या कपाळाच्या, एकमेकींना धरून. मी बोलले. सुभेदारांची गोष्ट सांगितली नाही. सासूबाईंची सांगितली, वार विचारायची. त्याला टाळ्या पडल्या नाहीत, पण मागच्या रांगेतल्या एका मुलीने डोळ्याला पदर लावला.

मग शैलाताई ताट घेऊन फिरू लागल्या. हळद, कुंकू, तिळगूळ. गयाबाईंना लावलं आणि पुढे सुनंदा. शैलाताईंचा हात ताटावरच राहिला. तिळगूळ तेवढा उचलावा की काय अशा विचारात त्या दिसल्या. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आपण काहीतरी बोलावं.

सुनंदाच बोलली. मान वर केली आणि म्हणाली, "लावा, ताई. आत्याबाई बघतायत."

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकूंकडेही पाहिलं नाही. बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळाला लावलं. थोडं नाकावर सांडलं. गयाबाईंनी सुनेकडे एकदा बघितलं आणि तिळगुळाची पुडी उघडायला घेतली. त्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं. सुनेच्या कपाळाला जे असायला हवं तेच तिथे होतं.

बाकीच्यांना मात्र ते नवीन होतं. मोठ्या काकू उठल्या, त्यांच्याबरोबर आणखी सात-आठ जणी. मदतीचं जे बोलणं झालं होतं ते पुढे काही झालं नाही आणि केंद्रातल्या एका मदतनीस बाईला आम्हाला त्या उन्हाळ्यात नाही सांगावं लागलं. तिचा चेहरा मला आठवतो. त्या तीन बायकांपैकी दोघींनी नको म्हणून मान हलवली, एकीने लावून घेतलं. हेही लिहायला हवं, नाहीतर गोष्ट उगाच गोड होईल. आता आमच्या आमंत्रणावर हळदीकुंकू लिहिलेलं नसतं. बायका कमी येतात, काही पुरुष येतात, बहुतेक दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. वाणाचे पैसे काही घरांतून अजूनही येतात. आणि वर्ग सुरू करण्याआधी मी एकदा बाहेर जाऊन चपलांपाशी कुणी बसलंय का ते बघून येते.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. कार्यक्रम आटोपून आम्ही बाहेर आलो तेव्हा मामा पिकअपला टेकून उभे होते. सुनंदा पुढे, तिचा हात धरून गयाबाई, मागे मी. पायऱ्या उतरताना सुनंदाचा हात कपाळाकडे गेला नाही, पदरही पुढे आला नाही. पण तिची पावलं हळू झाली. मामांनी तिला पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. रस्त्याने रिकामे ट्रॅक्टर मार्केटमधून परत येत होते, त्यांचा धुरळा अंगावर येत होता. मी मनात म्हणत होते, काही बोलू नका मामा, हवं तर मला बोला.

गयाबाईंनी ट्रॅक्टर पाहिले आणि नेहमीचं विचारलं.

"संदीप नाय आला?"

सुनंदाने तोंड उघडलं, पण मामांनी हाताने तिला थांबवलं. गाडीचं दार उघडलं, बायकोचा हात धरून तिला आत बसवलं, पदर दारात अडकू नये म्हणून गोळा करून तिच्या मांडीवर ठेवला. मग तिच्याकडे न बघता, समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "गर्दी लय हाय आज मार्केटला. नंबर लागला नाय त्याचा."

गयाबाईंनी मान डोलावली. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "त्याची भाकर झाकून ठेव."

"ठेवलीय, आत्याबाई," सुनंदा म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली.